संगमरवरी वाघ्या

लोकांच्या दारात सिंह असतात, हत्ती असतात. आमच्या दारात, पायऱ्यांच्या दोन बाजूंना, दोन कुत्रे बसलेले होते. अस्सल संगमरवरी, माझ्या कमरेपर्यंत येतील एवढे, आणि दोघेही अगदी गावठी. एक वाघ्या, दुसरी चांदी. वाघ्याचा उजवा कान फाटलेला, चांदीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. माझ्या पणजोबांचं गलबत होतं, नारळ-सुपारी घेऊन ते मुंबईला जायचं, आणि खरे वाघ्या-चांदी त्या गलबतावरच वाढलेले. मुंबईत साहेबांच्या थडग्यांवर पऱ्या बसवून देणारा एक कारागीर आमच्याच बाजूचा होता. शिमग्याला गावी यायचं तर तो पणजोबांच्या गलबतातून फुकट यायचा. एका वर्षी त्याने उरलेल्या दगडांतून वाघ्या आणि चांदी घडवून आणून दिले. पणजीने म्हणे कपाळावर हात मारून घेतला. देवघरासाठी गणपती मागितला असतात तर तोही झाला असता, ह्या कुत्र्यांचं काय लोणचं घालायचं? ही गोष्ट आमच्या घरी इतक्या वेळा सांगितली गेली की पणजीचा आवाज आपण ऐकलेला आहे असं मला अजूनही वाटतं. खरे कुत्रे कधी मेले, कुठे पुरले, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या कुत्र्यांची मला लाज वाटायची हे आधीच सांगून टाकते. शंभर वर्षांच्या पावसाने ते पिवळे पडले होते, मांड्यांच्या खाचांत काळं शेवाळ धरलं होतं. वर्गातल्या मुली घरी आल्या की हसू दाबत आत शिरायच्या. एकीने तर विचारलं होतं, "कुंदे, तुमच्याकडे राखणीला हेच का गो?" त्या संध्याकाळी मी वाघ्याला एक लाथ घातली आणि माझाच अंगठा सुजला.

तात्यांना तो पिवळेपणा दिसत नव्हता. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर गेली, आणि परत आले ते काचबिंदूने अर्धे डोळे घालवूनच. उरलेले अर्धे घरी बसल्या बसल्या गेले. काकू मी जन्मायच्या आधीच वारलेली, मूलबाळ नाही. घर दोघा भावांचं, पण चालवायचे माझे वडील, अप्पा. ते कचेरीत कारकून होते. तात्या सकाळी उठले की भिंतीला हात लावत ओटीवर यायचे, दोन पायऱ्या उतरायचे आणि वाघ्याशेजारच्या दगडी बाकावर बसायचे. उजवा हात वाघ्याच्या कपाळावर. तो हात मग जेवणापर्यंत तिथून हलायचा नाही.

त्या ओटीवरच्या सकाळी मला आवाजांतूनच आठवतात. विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर, आत आई विळीवर नारळ खवतेय, बंदराकडून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईची लांबून येणारी हाळी. तात्यांचा ट्रान्झिस्टर सगळ्यांच्या आधी बोलायला लागायचा. मी त्यांना पितळीतून पेज नेऊन द्यायची, सोबत भाजलेला सुका बांगडा आणि आंब्याचं लोणचं. बांगड्याचा काटा ते बोटांनी असा सोलायचे की डोळसाला जमू नये. मग हात धुऊन, पुसून, पुन्हा वाघ्याच्या कपाळावर. दगडाच्या गारव्यावरून ते हवा सांगायचे. "बाय, आईस सांग, आज सुकट भायेर घालू नको. वाघ्याला घाम आलाय." थोरले दीर म्हणून आईशी ते थेट बोलत नसत. आई दोन हातांवर उभी असली तरी निरोप माझ्यामार्फत जायचा, आणि ती पदर सारखा करून सुकटीचं सूप आत न्यायची. बहुतेक वेळा दुपारी आभाळ भरून यायचं.

मला ते डोळे मिटायला लावायचे आणि माझी बोटं धरून वाघ्यावर फिरवायचे. इथे नाकपुडीशी छिन्नी घसरलेली, इथे मिशांची भोकं, डावीकडे चार आणि उजवीकडे पाच. कपाळ मात्र तुपाचा हात फिरवावा तसं गुळगुळीत. ते कारागिराने केलं होतं त्याहून जास्त आमच्या घरातल्या माणसांनी केलं होतं. "पयल्यांदा बोटीवर निघालो तेव्हा आई दारात रडत होती," तात्या म्हणायचे. "तिच्याकडे बघवेना. मग ह्याच्या कपाळावर हात ठेवला नि निघालो. एडनपर्यंत हातात तोच गारवा होता." मी तेव्हा तेरा वर्षांची. एडन कुठे आहे ते मला ठाऊक होतं, हाताला गारवा कसा राहतो ते कळत नव्हतं. आता साठीच्या उंबरठ्यावर कळतं, पण त्याचा उपयोग काय.

त्या थंडीत मुंबईचा एक गृहस्थ जीप घेऊन आला. जुनी कपाटं, झुंबरं, आरसे असं काय काय गावोगाव फिरून विकत घ्यायचा. पायरीपाशीच थबकला. बोटातली अंगठी चांदीच्या पाठीवर टकटक वाजवली आणि म्हणाला, "साहेब, हा माल इथे पावसात सडतोय हो." अप्पांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "काय द्याल?" अप्पांचा स्वभावच तसा. शेजाऱ्याच्या गाईचीसुद्धा किंमत विचारायचे, घ्यायची-द्यायची नसली तरी. तात्या आतल्या खोलीत होते. भिंत धरत धडपडतच बाहेर आले.

"वसंता, मी जिवंत हाय अजून."

"अरे दादा, नुसतं विचारलं. विचारायला काय जातं?"

"विचारून मग काय जातं ते मला ठाऊक हाय."

गृहस्थ निघून गेला. अप्पांनी नंतर तात्यांच्या पायाशी बसून सांगितलं की तू असेपर्यंत ह्यांना कुणी हात लावणार नाही. तात्यांनी मान डोलावली. पण त्या दिवसापासून जीपचा आवाज आला की त्यांची बोटं वाघ्याच्या कानाला घट्ट धरायची, हे मी पाहिलंय.

मग शिमगा आला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवाची पालखी घरोघर येते. वर्षभर आपण देवळात जातो, तेव्हा देव आपल्या घरी येतो, म्हणून आठ दिवस आधीपासून घर घासूनपुसून निघतं. त्याच वर्षी आत्याकडे, हेदवीला, तिच्या मुलाचं लग्न होतं. तात्या आठवडाभर तिकडे गेले. पालखीच्या आदल्या दिवशी परत यायचे होते. आई कामात इतकी बुडालेली की तिला हाक मारायचीही भीती. तिने मला समया, निरांजनं, घंगाळ, सगळं पितळ घासायला दिलं. आमच्याकडे पितळ घासतात ते सोलांनी, म्हणजे आमसुलांनी. कढीतून काढलेली सोलं आई टाकायची नाही, एका फुटक्या वाडग्यात साठवायची, आणि त्यांचा लगदा पितळेवर चोळून ठेवला की काळपट थर विरघळून जायचा. मी घंगाळ घासलं तेव्हा ते उन्हात असं लखलखलं की मलाच माझं कौतुक वाटलं. आणि तेव्हा माझी नजर वाघ्याकडे गेली.

उद्या पालखीबरोबर अख्खी वाडी येणार, शाळेतल्या मुली येणार. वाडग्यातली सोलं संपली होती. आई पाणंदीपलीकडे शेजारणीकडे पुरण वाटायला गेली होती, संध्याकाळपर्यंत तिथेच अडकणार होती. मी फडताळातली नव्या सोलांची बरणी काढली. ती सोलं पालखीच्या जेवणातल्या कढीसाठी राखलेली. दोन मुठी घेतल्या, गरम पाण्यात कुस्करल्या, आणि वाघ्याच्या तोंडाला, कपाळाला, कानांना, पाठीला चोपडल्या. बारीक फेस आला. आवाजही आला, सुर्र असा, अगदी हलका. मळ निघतोय म्हणून मी खूश झाले, वर ओलं फडकं टाकलं आणि दुपारभर तसंच राहू दिलं. संध्याकाळी धुतलं तर वाघ्या पांढराशुभ्र. किंचित गुलाबी छटा होती, पण तीही गोडच दिसत होती. चांदीपर्यंत सोलं पुरली नाहीत.

पुसताना माझा हात कपाळावर गेला आणि थांबला. बारीक वाळू चिकटल्यासारखं लागत होतं. मी पुन्हा धुतलं, पुन्हा पुसलं. वाळू नव्हती. तो दगडच तसा झाला होता. माझी मुलगी आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने मला एकदा शांतपणे समजावून सांगितलं की संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, आंबटाने तो विरघळणारच. तेव्हा आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आमच्याकडे संगमरवर दुसरा नव्हताच. आई परत आली, वाघ्याकडे बघून म्हणाली, "अग बाई! कशाने धुतलास?" बरणी अर्धी झाली होती. मी म्हटलं, "साबणाने." एवढंच. अप्पांनीही पाठीवर थाप मारली.

तिन्हीसांजेला तात्या आले. एसटीतून उतरल्यावर एकाने हात धरून दारापर्यंत आणून सोडलं. पायरीशी येताच त्यांचा हात सवयीने खाली गेला. मी ओटीवर दिव्याला वात करत होते. त्यांचा हात कपाळावर टेकला, उचलला, पुन्हा टेकला. मग दोन्ही हातांनी त्यांनी वाघ्याचं तोंड चाचपलं, मिशांची भोकं शोधली. कडा विरघळून ती जवळजवळ हरवली होती. ते चांदीकडे गेले, तिला हात लावला, परत वाघ्याकडे आले. अप्पा कौतुकाने म्हणाले, "बघ दादा, कुंदाने कसा लख्ख केलाय. साबणाने धुतलाय." तात्या भिंत धरून आत गेले. त्या दिवशी जेवलेही नाहीत. प्रवासाने दमले असतील, असं आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ढोल-ताशे वाजत पालखी अंगणात आली. पालखी नाचवून झाली, पाटावर विसावली, आईने पालखीतल्या देवीची ओटी भरली. मग मानकरी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. बा देवा महाराजा, ह्या घराण्याने तुझा मान केलाय तो गोड करून घे, काय चुकलंमाकलं असेल तर पदरात घाल. भोवतीची माणसं एका आवाजात म्हणत होती, "व्हय महाराजा!" गाऱ्हाणं संपत आलं आणि तात्या पुढे झाले. डोक्यावर टोपी, हात जोडलेले.

"माजं एक गाऱ्हाणं हाय देवा. माज्या आजोबाच्या दारचा वाघ्या ह्या आठ दिवसांत बदलला. मी आंधळा म्हणून बदलला. खरा इकला नि खोटा बसवला. मी कुणाचं नाव घेत नाय. ज्याने केलं त्याचं त्याला ठाऊक, नि तुला ठाऊक. तूच बघ."

"व्हय महाराजा" कुणीच म्हणालं नाही. ढोलवालासुद्धा टिपऱ्या धरून उभा राहिला. नाव घ्यायची गरजच नव्हती, सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. जीपवाला गृहस्थ वाडीभर फिरून गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. ते एवढंच म्हणाले, "दादा, देवासमोर काय बोलतोस?" मी हातात नारळाचं ताट घेऊन पाच पावलांवर उभी होते. तोंड उघडायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. पण आता गोष्ट दोन मुठी सोलांची राहिली नव्हती, देवासमोर गेली होती, आणि मी ताटातले नारळच सरळ करत राहिले. त्या क्षणी मी बोलले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता तो झिजून गेलाय. पालखी पुढच्या घराकडे गेली.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. अप्पा कचेरीत जायचे, यायचे, मान खाली घालून. वाडीतले लोक तोंडावर काही म्हणत नसत, पण पायरी चढताना वाकून वाघ्याला चाचपून बघत. हाताला खरखरीत, आणि डोळ्यांना तर तो पूर्वीपेक्षा उजळ, नवाच दिसायचा! मग चुकचुकत. तात्यांनी बाकावर बसणं सोडलं. आतल्या खोलीत आपल्या ट्रंकेवर बसून राहायचे. एकदा संशय शिरला की तो एका जागी बसत नाही. ट्रंकेतले कपडे ते रोज मोजायला लागले. पेज पातळ झाली म्हणायला लागले. त्यांना आलेली पत्रं आजवर मी वाचून दाखवायची. आता ते पत्र घेऊन काठी टेकत शेजाऱ्यांकडे जायचे. पहिल्यांदा तसे गेले तेव्हा मी माडाखाली जाऊन पोटभर रडले. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं मुंगळा चावला. खोटं बोलायची तोवर सवयच झाली होती.

वैशाखात फणसांचा वास घरभर भरला होता. अशा एका सकाळी शेजारच्यांकडून कळलं की तात्यांनी आत्याला पत्र घातलंय, ते कायमचे हेदवीला जाणार. आई चुलीपुढे बसून डोळे पुसत होती. मी सरळ तात्यांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घंगाळ, बरणी, फेस, साबण, सगळं. ते ऐकत राहिले. मग हात पुढे करून त्यांनी माझा चेहरा चाचपला.

"बाय, बापाने पढवून पाठवलान तुला?"

"नाय हो तात्या! देवाशप्पत!"

"दोन म्हयने गप होतीस नि आज मी चाललो तेव्हा आठवलं? दगड कधी सोलांनी झिजतो गो?"

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "चांदीवर करून दाखवू?"

चांदी अजून जशीच्या तशी होती, शंभर वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. तात्या उठले. "चल," म्हणाले.

मी आईसमोरून बरणी घेतली. तात्या चांदीपाशी खाली बसले, तिची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश चाचपली आणि पाठीवरची एक जागा बोटाने दाखवली. तिथे मी लगदा थापला. फेस आला, तात्यांनी कान जवळ नेला आणि तो बारीक आवाज ऐकला. "काढू नको," म्हणाले. आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. ऊन पायरीवर चढलं, आत भात उकळायचा वास आला. अप्पा जेवायला घरी आले आणि आम्हाला तसं बघून फाटकातच थांबले. आईने पुढे होऊन त्यांना हळूच सगळं सांगितलं. ते जागचे हलले नाहीत.

"आता धू," तात्या म्हणाले. मी पाणी ओतलं. त्यांनी बोट टेकवलं. चांदीच्या पाठीवर तळहाताएवढी जागा खरखरीत झाली होती. तिथून त्यांचा हात वाघ्याच्या कपाळावर गेला, पुन्हा चांदीवर आला. दोन्हीकडे एकच स्पर्श. त्यांच्या मिटल्या पापण्यांतून पाणी गळायला लागलं. "वाघ्याच हाय हा," ते म्हणाले. "वसंता, तू आलास काय रे? वाघ्याच हाय हा. चुकलं माजं."

मला वाटलं, संपलं. अप्पा धावत येतील, भावाला उठवतील, मला दोन थोबाडीत देतील आणि आम्ही जेवायला बसू. अप्पा आले, पण पायरीखालीच उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही.

"मी दोन महिने सांगत होतो दादा. देवाची, आईची शपथ घेतली. तेव्हा पटलं नाही. दगडाने सांगितलं तेव्हा पटलं तुला."

तात्या मान हलवून म्हणाले, "खरं हाय तुजं." अप्पा त्यांना ओलांडून आत गेले, हातपाय धुतले आणि पानावर बसले. तात्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीने हेदवीला गेले. रागाने नव्हे. रागाने जाणारा माणूस दारात दोन शब्द तरी बोलतो. अप्पांनी ट्रंक उचलून स्टँडवर नेली, खिडकीतून त्यांच्या हातात केळी दिली. राहा, असं त्यांच्या तोंडून निघालं नाही, आणि राहू का, असं तात्यांनी विचारलं नाही. मी शेजारी उभी होते. गाडी हलली तेव्हा तात्यांचा चेहरा अप्पांच्या आवाजाच्या दिशेला होता, पण अप्पा काही बोलतच नव्हते, त्यामुळे ते जरा चुकीच्या बाजूला बघत राहिले.

पावसाळा संपायच्या आत तात्या गेले. तार आली तेव्हा अप्पा कचेरीत होते. हेदवीला पोचले तोवर सगळं उरकलं होतं. परत येऊन त्यांनी मला आत्याचा निरोप सांगितला. शेवटच्या दिवसांत तात्या तिला रोज विचारायचे, पोरीला कुणी मारलं तर नाही ना? मला कुणी मारलं नव्हतं. कुणी रागावलंही नाही. आईने नाही, अप्पांनी तर जन्मात नाही. तेवढं केलं असतं तरी चाललं असतं.